बापाची भूमिका

बंगालमधल्या कृष्णनगरच्या आमच्या नाट्यगटाची वर्षअखेरची बैठक म्हणजे मोहरीच्या तेलातले मुरमुरे आणि गेल्या वर्षीचीच भांडणं. रविवारची दुपार, तालमीची खोली, आम्ही चौघं.

"पुन्हा सामाजिक नाटक?" आमच्यातली थोरली नटी शुक्लादी म्हणाली. "बघायला आपले नातेवाईकच येणार."

तिने तोंड उघडण्याआधी तेच वाक्य मागच्या काळ्या पडद्याआडून कुणीतरी पुटपुटलं होतं, प्रॉम्प्टर पुटपुटतो तसं. आमच्याकडे प्रॉम्प्टर नाही. पडद्यामागे नुसती भिंत आहे.

"नातेवाईक तरी येतात, हे नशीब समज," पडद्याआडून आलं. मग आमचे दिग्दर्शक निरुपमदा कंटाळून तेच म्हणाले. मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे मुरमुरे खात होते.

भूमिका वाटायला घेतल्या. शुक्लादीने म्हातारी घेतली, विभासने पोलीस. दोघांचीही वाक्यं आधी पडद्याआडून ऐकू येऊन गेली होती.

उरला बाप. अकरा वर्षं बाप मीच करतो. मी कान टवकारून माझ्या वाक्याची वाट पाहत राहिलो.

पान उलटल्याचा आवाज आला. मग पुटपुट: "बापासाठी आता दुसरं कुणी बघावं लागेल."

निरुपमदांनी चष्मा काढला, दमल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.