वर केलेला हात
"स्क्रीनवरच चित्र काढायचं तर मान खाली घालून बसावं लागेल, ताई. मान धरेल. तुमचा जुना टॅब्लेटच बरा," दुकानदाराने चित्रकार लेकीला बजावलं होतं. पण ती हट्टाला पेटली. स्क्रीनवालाच घेऊन आली. जुन्या, बिनस्क्रीनच्या टॅब्लेटवर हात फिरायचा खाली आणि नजर असायची समोरच्या मॉनिटरवर. मॉनिटरपलीकडेच आईची खाट होती. आजारात वाचा गेलेली आई काही हवं असलं की हात वर करायची; लेकीला लगेच दिसायचं. आज नव्या स्क्रीनवर रेष अशी जमली, की दुपार कधी सरली कळलंच नाही. डोकं वर केलं तेव्हा पेला जमिनीवर लवंडला होता आणि आई वाकून हातानेच पाणी पुसत होती. "हात का नाही वर केलास, आई?" आईने हात वर करून दाखवला, मग तीन बोटं दाखवली. मग त्याच ओल्या हाताने लेकीची अवघडलेली मान चोळू लागली.