हात बसेपर्यंत

प्राचार्याबाईंनी दोन कागद टेबलावर शेजारीशेजारी मांडले आणि बकुळची पाचावर धारण बसली.

डावीकडे तिचा दीड वर्षापूर्वीचा प्रवेशअर्ज. उजवीकडे वसंतपंचमीच्या सरस्वतीपूजेसाठी कॉलेजने घेतलेली मुहूर्ताची चिठ्ठी. दोन्हींखाली नाव एकच, वेणीमाधव शिवराम पाळंदे. सह्या मात्र दोन गावच्या. चिठ्ठीवरची एका दमात ओढलेली, डोक्यावर रेघ नसलेली. अर्जावरची अक्षरागणिक थांबत काढलेली, वर ठळक रेघ, शेवटी उगाच एक लांब शेपूट. मुहूर्त देणारे शास्त्रीबुवा हे बकुळचे वडील, हे कचेरीतल्या बाबूंना ठाऊक होतं, आणि नसत्या चौकशांची त्यांना हौसही होती.

नियम भिंतीवरच टांगलेला होता. पालकाची खोटी सही करणाऱ्या विद्यार्थिनीचं नाव कमी होई आणि तसा शेरा दाखल्यावर पडे. मग बनारसमधलं दुसरं कुठलंच कॉलेज तिला घेत नसे. इंटरची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

आणि अर्जावरची सही बकुळनंच केली होती.

दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात थोरल्या काकांचा, काशीनाथांचा शब्द चाले. मॅट्रिकपुढे घरातली मुलगी शिकायची नाही असं त्यांनी ठरवलं, आणि अण्णांनी, म्हणजे बकुळच्या वडिलांनी, सगळ्यांदेखत मान डोलावली. माझी सही मिळायची नाही, असंही वर सांगून टाकलं. बकुळ दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी जुन्या पंचांगाच्या कोऱ्या पाठीवर वडिलांची सही गिरवत बसली. ती काही केल्या जमेना. शेवटी हाताला जे वळण आलं ते तिनं अर्जावर ठोकून दिलं आणि घरी सांगितलं, ग्वाल्हेरच्या मामांच्या सहीवर काम झालं. काकांनी मामांच्या नावानं बोटं मोडली आणि प्रकरण तिथंच थांबलं. सरावाचा कागद तिला मागाहून सापडला नाही. आईनं चुलीत घातला असेल, म्हणून तिनं शोधायचं सोडून दिलं.

अर्ज गेला त्याच आषाढात अण्णांनी लिखित रामनामाचा संकल्प सोडला, एवढंच. पहाटे गंगेवर जाऊन यायचं, खिडकीपाशी बसायचं, बोरू तांबड्या शाईत बुडवायचा आणि लिहायचं. वही सोवळ्यातली, तिला कुणी हात लावायचा नाही. काशीत असं रामनाम लिहिणारे गल्लोगल्ली, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. बकुळशी मात्र त्यांचं बोलणं जेवायला हाक मारण्यापुरतं उरलं. रामासाठी तास तास आहेत आणि माझ्यासाठी दोन शब्द नाहीत, हे तिला फार लागे. एकदा आईनं विचारलं, सव्वा लाख कधी पुरं व्हायचं? "अजून हात बसला नाही," अण्णा म्हणाले आणि वही कापडात बांधून ठेवली.

आता शिपायाच्या मागून तेच अण्णा कचेरीत आले. उपरणं नीट केलं, पण खुर्चीवर बसले नाहीत.

"पंडितजी, सच-सच बताइए," बाई म्हणाल्या. "इनमें आपका दस्तख़त कौन-सा है?"

बकुळनं नजर फरशीला लावली. अण्णांना खोटं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. यजमान कितीही मोठा असो, मुहूर्त पळभरही इकडचा तिकडे न करणारा हा माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि दोन्ही कागद सावकाश पाहिले.

"दोनों हमारे हैं."

चिठ्ठी घाटावर, गुडघ्यावर कागद ठेवून घाईनं लिहिली होती, असं त्यांनी सांगितलं. मुलीच्या शिक्षणाचा कागद माणूस नीट बसून करतो.

बाई भल्या होत्या, पण नियमाच्या पक्क्या. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि इथंच सही करायला सांगितली.

संपलं सगळं, असं बकुळला वाटलं. ते वळण एका घाबरलेल्या पोरीच्या हाताचं होतं. ते आज तिला स्वतःलाही पुन्हा साधलं नसतं.

अण्णा आता खुर्चीवर बसले. तांबड्या डागांच्या बोटांत त्यांनी टाक धरला. प्रत्येक अक्षरापाशी थांबत त्यांनी नाव लिहिलं, वर रेघ ओढली आणि शेवटी एक लांब शेपूट काढली.

बाईंनी कागद अर्जाला लावून पाहिला. बाबूंनी वाकून पाहिला, चष्मा बदलून पाहिला. मग बाईंनी फाईल मिटली आणि परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर लागलंय, ते उतरवून घे, असं बकुळला सांगितलं.

घरी परतताना बकुळ अण्णांच्या मागून चालत होती. अण्णा वेदांचे घनपाठी. एकदा ऐकलेलं विसरत नाहीत, तसं एकदा पाहिलेलंही हातात उतरलं असेल, अशी बकुळनं मनाची समजूत घातली. आपल्यापायी ते जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले, याचं तिला रडू येत होतं.

घरी येताच अण्णांनी खिडकीपाशी ठेवलेली वही आणली आणि तिच्या हातात दिली.

"संकल्प पुरा झाला. गंगेत सोडून ये."

"मी? सोवळ्यातली वही?"

"तूच. आणि बी.ए.चा अर्ज मिळेल तो माझ्याकडे आण. दादांशी, तुझ्या काकांशी, मी बोलतो."

दशाश्वमेधाच्या शेवटच्या पायरीवर बसून बकुळनं कापड सोडलं. पाण्यात सोडण्याआधी रामाला नमस्कार करावा म्हणून तिनं वही उघडली. पहिल्या पानावर तिचा हरवलेला पंचांगाचा कागद खळीनं चिकटवलेला होता, आणि त्याच्या खालून थेट शेवटच्या पानापर्यंत, आधी अडखळत आणि मग हुबेहूब, अण्णांनी तांबड्या शाईत तिनं केलेली खोटी सही गिरवली होती.