तिथं येतं कोण?

ताइस्तो तळ्याकडची वाट उतरताना दिसला. सायमीने सौनाचं, म्हणजे गावाच्या वाफेच्या न्हाणीघराचं, दार पाठीमागे ओढून घेतलं आणि ती दारातच उभी राहिली.

आत पाच-सहा जण वाफ घेत बसले होते. इतरांसमोर कपडे उतरवायला लागतील म्हणून वर्षानुवर्षं सौनात न गेलेली माणसं. फिनलंडात हे म्हणजे गावजेवणाच्या दिवशी उपाशी राहण्यासारखंच. महिन्यातली ही एक संध्याकाळ नगरपालिकेने ट्रान्स लोकांसाठी सोडली होती. वाफ झाली की सायमी बाहेरच्या खोलीत कॉफी ठेवायची आणि डॉक्टर कुठे गाठायचा, कागदपत्रं कशी बदलायची, घरच्यांशी कसं बोलायचं, ते समजावून सांगायची. ती स्वतः याच वाटेने गेली होती, पण तिला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

ही संध्याकाळ चालू ठेवायची की बंद करायची, हे सोमवारी पालिकेच्या बैठकीत ठरणार होतं. ठरवणाऱ्यांत ताइस्तो होता. मागच्या बैठकीत बाकीचे खर्चाबद्दल बोलत असताना याने एवढंच विचारलं होतं, "तिथं येतं कोण? आपल्या ओळखीचं कुणी आहे का?" तो प्रश्न सायमीला तेव्हापासून टोचत होता.

या म्हाताऱ्याला सगळं गाव ओळखून होतं. शिकारी मंडळाचा सौना तोच तापवायचा. लाकडं फोडायची, पाणी भरायचं, सगळं त्याच्याकडे. स्वतः मात्र कधी आत बसला नाही. "धुरानेच माझं पोट भरतं," म्हणायचा. असा खडूस माणूस आज काखेत गुंडाळी मारून इथे कशाला आला, हे सायमीला कुणी सांगायला नको होतं. तोंडं बघून ठेवायला.

"सरक जरा, पोरी," ताइस्तो म्हणाला.

"आज पालिकेची पाहणी नाही."

"ठाऊक आहे."

"मग शिकारीला आलात का? बरं आहे, आत सगळे उघडे बसलेत. पळता यायचं नाही त्यांना."

तो हसला नाही आणि हललाही नाही. त्याला परत पाठवलं तर सोमवारी ही संध्याकाळ गेलीच. आत सोडलं तर आतली माणसं पुन्हा इकडे फिरकणार नाहीत. सायमीला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा संताप जास्त होता. शेवटी तिने इथला नियमच पुढे केला.

"या दारात आम्ही प्रत्येकाला एकच विचारतो. आत तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायची? त्याशिवाय कुणाला आत जाता येत नाही."

आता हा भडकणार, असं तिला वाटलं. ज्याचं नाव शेंबडं पोरही सांगेल, त्यालाच नाव विचारायचं म्हणजे अपमानच.

ताइस्तोने काखेतली गुंडाळी सोडली. सौनात बसताना बाकावर अंथरायचं तागाचं फडकं होतं, कडेने निळी फुलं भरलेलं. एकदाही न वापरलेलं, पण घड्यांवर पिवळं पडलेलं.

"हेल्मी," फडक्याकडे बघत तो म्हणाला. "माझ्या आजीचं नाव. अजून कुणाला सांगितलेलं नाही."

सायमीने दार सताड उघडलं.

"सरका जरा," ती आतल्यांना म्हणाली, "हेल्मी आली आहे."