अकराची सुनावणी

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा तेच आलं : इंटरनेट जोडलेलं नाही.

सिस्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि त्या टेबलाखाली वाकल्या. निवृत्त झाल्या तरी अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणत असे. सलाईन थांबलं की बाटलीपासून सुईपर्यंत नळी चाचपत यायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. तशीच त्यांनी आता वायर चाचपली. भिंतीतला प्लग घट्ट. राउटरचे हिरवे दिवे चालू. वायर काढून, फुंकर मारून परत बसवली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ढिम्म.

अकराला सुनावणी होती. चौकशी समिती पडद्यावरच बसणार होती, साक्षीदारांनीही तिथेच यायचं होतं. सिस्टर निवृत्त व्हायच्या थोडं आधी त्यांच्या वॉर्डातलं श्वास देणारं यंत्र मध्येच बंद पडलं, पेशंट दगावला, आणि हॉस्पिटलने सगळा ठपका त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या नवख्या नर्सवर ठेवला. आज सिस्टर आल्या नाहीत, तर त्या पोरीच्या बाजूने बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

सिस्टरांचा मोबाइल साधा, बटणांचा. त्यावर समिती दिसण्यातली नव्हती. पण फोन लागत होता. त्यांनी इंटरनेट कंपनीला लावला.

“काकू, आमच्याकडून लाइन व्यवस्थित आहे,” पलीकडची मुलगी म्हणाली. “घरात दुसऱ्या कशावर नेट चालतंय का?”

आतल्या खोलीतून मुलाचा आवाज येत होता. लॅपटॉपवर तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये काहीतरी समजावून सांगत होता, अजिबात न तुटता.

“चालतंय कसलं, पळतंय.”

“एक मिनिट हं.” कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला. मग मुलगी जराशी घुटमळली. “काकू, बिघाड नाहीये. तुमचा कॉम्प्युटर राउटरमध्ये ब्लॉक केलाय. म्हणजे... घरातूनच कुणीतरी केलाय. पासवर्ड असल्याशिवाय तो काढता येणार नाही.”

फोन तसाच हातात धरून सिस्टर आतल्या खोलीच्या दारात गेल्या. मुलाने त्यांना पाहिलं, माईक बंद केला, आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच त्याचा चेहरा पडला.

“पासवर्ड सांग.”

“आई, बस ना जरा.”

“पासवर्ड.”

“हॉस्पिटलचा माणूस माझ्या ऑफिसात आला होता. गोड बोलला, चहा पिऊन गेला. तुझी नात कुठल्या शाळेत जाते, हेसुद्धा त्याला माहीत होतं.” मुलाने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “अगं, बाकीचे सगळे मूग गिळून बसलेत. तूच कशाला?”

नातीचं ऐकून सिस्टरांनी दाराची चौकट धरली.

“कारण ते यंत्र बिघडलंय हे आधीच वर सांगायला मी गेले होते. बाकीचे नाही.”

“पासवर्ड मिळणार नाही. राग धर हवं तर. त्या मुलीचं तिचे आईबाप बघतील.”

“अरे, ज्याला आपल्या पोरीची शाळा शोधत फिरावं लागतं ना, त्याची तुझ्यापेक्षा जास्त तंतरलीय. समितीला मी पहिलं तेच सांगणार आहे.”

त्या बाहेर आल्या आणि फोन कानाला लावला. “बाळ, पासवर्डशिवाय काय करता येईल?”

मुलीने बहुधा सगळं ऐकलं होतं. ती एकदम हळू आवाजात म्हणाली, “राउटरच्या मागे एक बारीक भोक आहे. त्यात टोकदार काहीतरी खुपसून दाबून धरा. आधीचं सगळं पुसलं जाईल, ब्लॉकसुद्धा. मग मी इथून लाइन पुन्हा जोडून देते. पण तोवर सगळ्या घराचं नेट जाईल, काकू.”

“जाऊ दे.”

सिस्टरांनी सेफ्टी पिन उघडली. सुई टोचावी तशी ती भोकात खुपसली आणि दाबून धरली.

दिवे विझले. आतला आवाज अर्ध्या वाक्यात तुटला.

“आई! माझी मीटिंग!” मुलगा धावत बाहेर आला. तोवर एकेक दिवा पुन्हा लागत होता. काय झालंय ते त्याला कळलं आणि त्याचा हात भिंतीतल्या प्लगकडे गेला.

“ओढ,” सिस्टर खुर्चीत बसत म्हणाल्या. “मग मी शेजाऱ्यांच्या घरून बोलेन. आणि त्यांच्याकडे का चाललेय ते जिन्यात प्रत्येक दारापुढे थांबून सांगेन.”

मुलाचा हात तिथेच राहिला.

“बसायचं तर बस. पण कॅमेऱ्यासमोरून बाजूला हो.”

तो बाजूला झाला. आत जाईल असं वाटलं, पण गेला नाही. भिंतीला टेकून खाली बसला. सिस्टरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बटण दाबलं. पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला. समितीचे तिघे. हॉस्पिटलचा वकील. आणि एका कोपऱ्यात ती पोर, रडून डोळे सुजलेली. सिस्टरांना पाहताच तिने तोंडावर हात ठेवला.

“माझा आवाज येतोय का?” सिस्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज घरभर घुमला.

“येतोय, येतोय,” अध्यक्ष हेडफोन सावरत म्हणाले. “जरा हळू बोललात तरी चालेल.”

“नाही साहेब,” सिस्टर म्हणाल्या. “हळू बोलून झालंय.”