कार्डावरची सवलत

तिसऱ्या दुकानातही भाव तोच निघाला. तिने कुपन पर्समध्ये ठेवलं आणि नेहमीच्या दुकानाकडे वळली. दर महिन्याला ती असा फेरा मारायची. कुठे जास्त सूट मिळेल ही आशा कधीच संपली होती, पाय मात्र सवयीने जायचे.

गोळी हृदयाच्या ठोक्यांची. नावाजलेल्या कंपनीची घ्यायची तर घरातलं काहीतरी विकावं लागलं असतं. तेच औषध साध्या नावाने मिळायचं. त्यावर हे कुपन आणि कुपनावर नवऱ्याच्या कारखान्याचं कार्ड. कामगार आणि त्याची बायको, दोघांना निम्मी सूट. एवढं सगळं जुळलं तरच महिन्याच्या गोळ्या हाती पडत.

मागच्या वर्षी एकदा कुपन हुकलं. तिने गोळ्या अर्ध्या करून दिवस ढकलले आणि तिसऱ्या आठवड्यात न्हाणीघरात पडली. शेजारणीने माणसं बोलावून दार तोडलं. तिला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. फरशी गार होती, एवढंच आठवत होतं.

"या वहिनी," काउंटरवरचा चष्मेवाला म्हणाला. "आज उशीर केलात. कुपन आजच संपतंय."

"माहीत आहे."

"सगळीकडे फिरून आलात वाटतं. मिळालं कुठे स्वस्त?"

"मिळालं असतं तर तुमचं तोंड कशाला बघितलं असतं?"

चष्मेवाला हसला. तोंडाचा पट्टा सतत चालू असायचा, पण माणूस कामाला चोख होता. पाकिटावरची तारीख तपासल्याशिवाय तो कुणाला गोळी द्यायचा नाही.

त्याने कार्डाचा नंबर घातला. आता कार्डधारकाच्या फोनवर चार आकडी कोड जायचा. तो सांगितल्याशिवाय सूट लागत नसे. ती नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या वजनकाट्यापाशी गेली आणि फोन लावला.

"हं, मीच. कोड आला का?" ती हळू आवाजात म्हणाली. "नाही? बरं, बघा जरा. हो, घेते वेळेवर. तुमचा खोकला कसा आहे? आल्यावर सांगा, मी इथेच आहे."

"साहेब दुपारचे बरे सापडतात घरी," चष्मेवाला म्हणाला.

"कारखान्यात फोन नेऊ देत नाहीत. घरीच असतो फोन."

"काही म्हणा, नवरा असावा तर असा. आमची ही म्हणते, मी तिचा फोन तिसऱ्यांदा उचलतो. तुमचा कोड मिनिटात हजर."

"माणूस चांगलं आहे," ती म्हणाली.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. चष्मेवाल्याने कोड पुन्हा पाठवून पाहिला, मग डोकं हलवलं. "मेसेजची यंत्रणाच बंद पडलीय वहिनी. पण अडायचं कारण नाही. दुकानातून कार्डधारकाला फोन करायचा, तोंडी होकार घ्यायचा, अर्जावर लिहायचं. तशी सोय आहे."

"फोन नका करू. मी थांबते."

"थांबून काय होणार? आज अर्धाच दिवस दुकान, अर्ध्या तासात आम्ही बंद करतो."

"उद्या सकाळी आले तर?"

"उद्या हे कुपन म्हणजे रद्दी. पुढचं निघेल महिनाअखेरीला."

घरी पट्टीत दोन गोळ्या उरल्या होत्या. अर्ध्या केल्या तरी चार दिवस. तिला भीती वाटली, आणि भीती वाटतेय याचंच थोडं नवल वाटलं. तिने काउंटरची कड धरली.

"करा," ती म्हणाली.

त्याने दुकानाचा फोन पुढे ओढला, कार्डावरचा नंबर लावला आणि लिहायला दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर चालू केला. दोनदा घंटी वाजली.

"हॅलो," एका बाईचा आवाज आला.

"औषधाच्या दुकानातून बोलतोय. साहेब आहेत का? त्यांच्या मिसेसच्या गोळ्यांसाठी होकार हवा होता."

पलीकडे ती बाई खोकली.

"ते ड्युटीवर गेलेत, मी त्यांची बायको बोलतेय," बाई म्हणाली. "ताई तिथेच उभ्या आहेत ना? देऊन टाका त्यांना गोळ्या, दर महिन्याला कोड मीच सांगते. फक्त ह्यांना कळू देऊ नका."