कन्याभोजनाचा डबा

डबा पुष्पा भाभींच्या फ्रिजवर तसाच होता. शर्मिलानं उचलला आणि वजनावरूनच तिला कळलं, पोरीनं हात लावलेला नाही.

तरी झाकण उघडलंच तिनं. खोबऱ्याच्या पिठाच्या पुऱ्या, तुपात बुडालेल्या. बदाम वाटून केलेला हलवा, साखरेचा कण नाही, वर सायीचा जाड थर. सकाळी उठून काट्यावर तोलून केलेलं सगळं. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तूप आणि साय हेच या पोरीचं औषध. गहू, साखर पोटात गेली की मिरगीचे झटके परत आलेच म्हणून समजा. होळीपासून सुखदाला एक झटका आला नव्हता. हे खमरियाच्या या फॅक्टरी क्वार्टरांत कुणाला ठाऊक नव्हतं? दारोदार सांगून शर्मिलाची जीभ झिजली होती.

"पुष्पा भाभी, हिनं डबा काहून नाही खाल्ला?"

मुलींना देवी मानून जेवू घालायचं नवरात्रातल्या अष्टमीचं कन्याभोजन पुष्पा भाभींच्या घरी होतं. त्या पदर सावरत हसल्या. "अरे शर्मिला, कन्या अपने घर का डिब्बा खाएगी तो मेरी पूजा कैसे पूरी होगी? दो पूरी खाई है, थोड़ा हलवा. प्रसाद से किसी का बुरा हुआ है आज तक?"

दिवाणावर शर्मिलाच्या सासूबाई बसल्या होत्या, अंजनीबाई. 'मी नेते सुखदाला, तू ये मागून' म्हणाल्या होत्या सकाळी, आणि शर्मिलानं विश्वास टाकला होता. चुकलंच तिचं.

"आई, तुम्ही इथंच होत्या ना?"

"होती न. आधी वरच्या मजल्यावरच्या घरीही जेवली ती. किती दिवसांनी पोर माणसांसारखं जेवली, अन् तू तोंड पाडून राहिली! देवीला कुणी उपाशी पाठवते का बाप्पा?"

सकाळपासून घराघरांतून हलवा-पुरीच. ती आतल्या खोलीकडे वळली, तेवढ्यात आत ताट आदळलं आणि सुखदाची किंकाळी आली. ती किंकाळी शर्मिलानं झोपेतही ओळखली असती.

लाल चुनरीतली पोर पाटावरून कोसळली होती. डोळे वर गेलेले, जबडा घट्ट, हातपाय थडाथडा फरशीवर आपटत होते. बाकीच्या मुली रडत भिंतीला चिकटल्या. आणि बायका? बायकांनी हात जोडले!

"माता आ गईं!" पुष्पा भाभी ओरडल्या. "अष्टमी के दिन, मेरे घर!"

कुणी घंटी बडवायला लागली. कुणी पोरीच्या वेण्या सोडून केस मोकळे केले. एक जण पाय धरून बसली आणि विचारायला लागली, "मैया, मेरे लड़के की नौकरी कब लगेगी?" पाय धरलेला, पाय उसळतोय, आणि हिला नोकरी पाहिजे! दुसरी दातांत चमचा खुपसत होती, नर्मदाजल पाजायला.

"हटा!" शर्मिला किंचाळली. "मिरगी आहे तिला! दौरा है, दौरा! हटो!"

कोण हटतंय. तिनं चमचेवालीचा हात धरून पिरगाळला. बांगड्या फुटल्या, काचा शर्मिलाच्याच तळव्यात घुसल्या. पाय धरणारीच्या छातीत तिनं लाथ घातली. पुष्पा भाभी मध्ये आल्या, "अरे पागल हो गई क्या," तर त्यांना अशी ढकलली की त्यांचं कपाळ चौकटीवर फुटलं. आरतीचं ताट उलटलं. निखारा कुणाच्या तरी पदरावर पडला. बोंबाबोंब झाली.

अंजनीबाईंनी मात्र सुखदाला मागून धरून बसतं केलं होतं. मान लटकत होती, तोंडातून फेस येत होता, आणि ही बाई तिच्या कपाळाला कुंकू लावत होती. सगळं माहीत असलेली बाई! दवाखान्यात रात्र रात्र बसलेली बाई!

"आई, सोडा तिला. गुदमरेल ती. कुशीवर निजवू द्या."

"हात नको लावू, शर्मिला! आजचा दिवस वेगळा आहे. काय सांगते ते ऐकू दे."

शर्मिलाच्या एका हातात अजून तो स्टीलचा डबा होता. तिनं तो सासूच्या कानशिलावर हाणला. एकदा. सासूची पकड सुटेना, म्हणून परत. पुऱ्या उडाल्या, तूप आणि रक्त एकाच ओघळात अंजनीबाईंच्या गळ्यापर्यंत उतरलं. तेव्हा कुठे हात सुटले.

तिनं पोरीला कुशीवर केलं, तोंडातला हलवा बोटानं उकरून काढला आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसली, बायकांकडे तोंड करून. रडत होती, शिव्या देत होती, मराठीत, हिंदीत, सापडेल त्या भाषेत. जवळ यायची कुणाची छाती झाली नाही. भिंतीशी कुणीतरी पुटपुटलं, "अब माँ पर आई है."

हळूहळू झटके ओसरले. पोरीचा श्वास घरघरत का होईना, चालू लागला. अंजनीबाई कोपऱ्यात पदर कानाला दाबून बसल्या होत्या, वर बघत नव्हत्या.

बऱ्याच वेळानं सुखदानं डोळे उघडले. तिची नजर खोलीभर फिरली, फुटलेल्या काचांवर, आजीवर, आईवर. शर्मिलानं तिचं तोंड पुसायला हात पुढे केला, तो रक्तानं भरला होता. पोरीनं डोकं मागे ओढलं.

"मम्मी, मारू नको," ती जड जिभेनं म्हणाली. "मी 'नाही' म्हटलं होतं. आजी म्हणाली, देवी 'नाही' म्हणत नसते."