वेगळं ताट

पौर्णिमानं आजही आपलं ताट पिशवीतून काढलं, वाढून घेतलं आणि ती दाराजवळ जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. पंगतीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तिचा नवरा गजेंद्र आणि लहानगी रागिणी मात्र सगळ्यांच्या मधोमध बसून वांग्याच्या भाजीवर ताव मारत होते.

"नवऱ्याले चालते, पोरीले चालते," पार्बताबाई म्हणाली. "या महाराणीलेच आपला शेजार चालत नाई."

वाढता वाढता सुभद्रानं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

अकोल्यात जठारपेठेच्या मागे बेघर कुटुंबांसाठी चालणाऱ्या या निवाऱ्याची ती व्यवस्थापक. ती आली तेव्हा इथं प्रत्येक कुटुंबाचा स्टोव्ह वेगळा होता आणि चहापत्तीच्या डब्यालाही कुलूप होतं. सुभद्रानं भांडून, रुसून, प्रसंगी शिव्या खाऊन ते स्टोव्ह माळ्यावर चढवले. एक चूल, एक पंगत, पाळीपाळीनं स्वयंपाक, आणि आडनाव कुणी कुणाला विचारायचं नाही. आता एकीचं पोर दुसरीच्या मांडीवर बसून जेवायचं. या पंगतीचा तिला कोण अभिमान होता.

आणि तीच पंगत आता एका बाईपायी उसवायला लागली होती.

पहिल्या दिवसापासून सुभद्राला या कुटुंबाचं काही पटत नव्हतं. घर जळालं, असं गजेंद्र म्हणाला. कसं जळालं, असं विचारल्यावर त्यानं बायकोकडे पाहिलं आणि "जळालं" एवढंच पुन्हा म्हणाला. गाव अमरावतीकडचं, त्याचा सख्खा भाऊ अमरावतीतच, राजापेठेत. मग त्याला सोडून अकोल्याला कशाला यायचं? भावाचं नाव काढलं की गजेंद्रला नेमकं काहीतरी काम आठवायचं.

पौर्णिमाची तर तऱ्हाच न्यारी. माठातलं पाणी स्वतः घ्यायची नाही, रागिणीला पाठवायची. स्वयंपाकाची पाळी आली तेव्हा "मले सैपाक जमत नाई" म्हणून मोकळी झाली. बोटांवर भाकरी भाजल्याचे जुने डाग, आणि म्हणे स्वयंपाक जमत नाही. अंगण तेवढं न सांगता झाडायची. पार्बताबाईच्या मते तेही दाखवायलाच.

एकदा पार्बताबाईचा नातू रांगत रांगत तिच्याजवळ गेला, तशी ती दोन्ही हात वर करून उठलीच.

"लेकरू हाय व, विंचू नाई," पार्बताबाई म्हणाली.

पौर्णिमा झाडू उचलून अंगणात निघून गेली. तिच्या या निघून जाण्याचाच सगळ्यांना जास्त राग यायचा.

त्यात करिश्माचं डोहाळजेवण ठरलं. करिश्माला माहेर नव्हतं, नवरा वीटभट्टीवर. तेव्हा निवाराच तिचं माहेर, असं बायकांनी हौसेनं ठरवून टाकलं. प्रत्येकीनं एक पदार्थ करायचा आणि आपल्या हातानं तिला एक घास भरवायचा.

पौर्णिमानं सुभद्राला बाजूला गाठलं. "बाई, त्या दिवशी मी बाहेर जाऊन बसू का?"

"काहून?"

"असंच."

सुभद्राचं डोकंच सणकलं. पार्बताबाईनं ते ऐकलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

"सुभद्राबाई, सरळ सांगते," पार्बताबाई पदर खोचून समोर उभी राहिली. "तिले आपली पंगत चालत नसंल, तर माहा स्टोव्ह खाली काढून द्या. मंग तुमची एक चूल तुमीच सांभाळा."

मागे उभ्या असलेल्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. सुभद्रानं माळ्याकडे पाहिलं. एक स्टोव्ह खाली आला की बाकीचे यायला वेळ लागणार नव्हता. इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात जाणार होतं, आणि तेही एकीच्या तोऱ्यापायी.

डोहाळजेवणाच्या दुपारी करिश्मा हिरवी साडी नेसून पाटावर बसली. पाटोडीचा रस्सा, भरीत, शिरा, सगळं मांडून झालं. पौर्णिमा अंगणात पाठमोरी उभी होती. सुभद्रा तरातरा बाहेर गेली, मनगट धरून तिला आत घेऊन आली आणि शिऱ्याची वाटी तिच्या हातात कोंबली.

"पह्यला घास तूच भरव," ती म्हणाली. "नाई तर उद्या दुसरं ठिकाण पाह्य. इथं कोनी कोनापेक्षा मोठं नाई."

बरी जिरली, असं पार्बताबाईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. खरं सांगायचं तर सुभद्रालाही आतून बरंच वाटलं.

करिश्मा मात्र मनापासून हसली. "भरव ना ताई," म्हणत तिनं तोंड पुढं केलं.

पौर्णिमा मागं सरकली. वाटी तिनं हळूच जमिनीवर ठेवली आणि खाली वाकून सुभद्राचे पाय धरले.

"मी मोठी नाई, बाई," ती म्हणाली. "गावानं मले चेटकीण म्हणून हाकललं. आधी करिश्माले विचारा, माह्या हातचा घास तिले चालते का."